कपाळावरची आठी आणि कॅनिंगचा डबा

रत्नागिरीत मे महिना निम्मा सरला की आंब्याच्या बोलण्यातला शब्द बदलतो. 'पेटी' मागे पडते आणि 'कॅनिंग' पुढे येतं. डाग पडलेला, बारका राहिलेला, पावसाच्या धास्तीने घाईत उतरवलेला हापूस कॅनिंगला जातो. कारखान्यात तो धुतात, साल आणि बाठा बाजूला काढतात, पल्प तापवून डब्यात भरतात, झाकण घट्ट बसवतात आणि डबे उकळत्या पाण्यातून काढतात. मग ऐन श्रावणात पुण्यात किंवा बर्फ पडत असताना न्यू जर्सीत कुणीतरी तो डबा उघडतं आणि पुरीबरोबर आमरस खातं.

या निश्चिंत घासामागे एका जंतूची धास्ती आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हे त्याचं नाव. डबाबंद अन्नाचं शास्त्र बऱ्याच अंशी याच्या भीतीतून घडलं. हा जंतू जे विष तयार करतो, ते माणसाला ठाऊक असलेल्या विषांमधलं सर्वांत जहाल. आणि तेच विष त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये छोट्याशा कुपीत ठेवलेलं असतं, कपाळावरच्या आठ्या घालवण्यासाठी. कॅनिंगवाला ते डब्यात शिरू नये म्हणून जिवाचं रान करतो, आणि दुसरं कुणी ते स्वतःच्या कपाळात टोचून घ्यायला पैसे मोजतं. आपण त्याला 'बोटॉक्स' म्हणतो. खरं तर ते एका कंपनीच्या औषधाचं नाव. पण प्रत्येक छायाप्रत जशी 'झेरॉक्स' झाली, तसं हे नावही सगळ्यांचं झालं.

हा जंतू मातीत राहतो, समुद्रतळाच्या गाळातही राहतो. प्राणवायू त्याला सोसत नाही. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होतो आणि वाट पाहत पडून राहतो, पहिल्या पावसाची वाट पाहणाऱ्या बियाण्यासारखा. पाणी खळखळून उकळलं तरी हे बीजाणू मरत नाहीत. हवाबंद डबा म्हणजे तर त्यांच्यासाठी पर्वणी: आत प्राणवायू नाही, अन्न भरपूर, वर महिनोन्‌महिने कुणी उघडणार नाही.

मग हापूसचा पल्प नुसत्या उकळत्या पाण्याने कसा टिकतो? आंब्याच्या आंबटपणामुळे. आम्लता मोजण्याची जी सामू नावाची पट्टी आहे, तिच्यावर ४.६ हा आकडा डबाबंद अन्नाच्या धंद्यात लक्ष्मणरेषेसारखा आहे. सामू त्याच्या खाली असेल, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर बोट्युलिनमचे बीजाणू रुजू शकत नाहीत. हापूसचा पल्प चारच्या आसपास, रेषेच्या सुरक्षित बाजूला. आपण ज्याची गोडी गातो त्या फळाला डब्यात वाचवतो तो त्याचा आंबटपणा. मासळीचं तसं नाही. तिच्यात आम्ल जवळपास नाहीच. म्हणून मासळीचे डबे रेटॉर्ट नावाच्या दाबाच्या भांड्यात, वाफेखाली तापवावे लागतात. डब्याच्या अगदी मध्यापर्यंत १२१ अंश सेल्सिअसची उष्णता सुमारे तीन मिनिटं पोचली पाहिजे, हा जगभरचा दंडक याच एका जंतूसाठी आहे. हापूसची बाग आणि मासळीचं बंदर एकाच गावात असलेल्या रत्नागिरीला रेषेच्या या दोन्ही बाजू घरच्याच आहेत.

आणखी एक नवल पाहा. बीजाणू इतका चिवट, पण त्यातून उगवलेल्या जंतूने तयार केलेलं विष मात्र नाजूक. ८५ अंशांवर पाच मिनिटं तापवलं की ते निकामी होतं. म्हणून आजारी पाडतं ते बहुधा न तापवता खाल्लेलं, आधी कधीतरी हवाबंद राहिलेलं अन्न.

आपल्याकडे हा आजार फार क्वचित दिसतो, पण अगदी परका नाही. सप्टेंबर १९९६मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेतली ३४ मुलं आजारी पडली, त्यांतली तीन दगावली. लक्षणं बोट्युलिझमची होती आणि संशयाची सुई वळली ती शेवेकडे. तिच्यात सापडला बोट्युलिनमचा चुलतभाऊ शोभावा असा, तसंच विष करू शकणारा जंतू. दुसरी गोष्ट आणखी जवळची. तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. मधात कधी कधी हे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, बाळाच्या कोवळ्या आतड्यात रुजू शकतात. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, असं डॉक्टर बजावतात.

या विषाची पहिली नीट नोंद केली ती एका कवीने. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग प्रांतातला युस्टिनुस केर्नर कविता करायचा आणि डॉक्टरकीही करायचा. त्या भागात डुकराच्या मांसाचे सॉसेज खाऊन माणसं मरत होती. पापण्या मिटायच्या, गिळता यायचं नाही, बोलणं अडखळायचं, शेवटी श्वास थांबायचा, आणि हे सगळं होत असताना शुद्ध मात्र शाबूत. केर्नरने असे दीडशेहून अधिक रुग्ण नोंदवले. थोडं विष स्वतःही घेऊन पाहिलं. १८२२ साली त्याने लिहिलं की मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश हे विष अडवतं, आणि ज्या आजारांत स्नायू अनावर हालतात तिथे त्याचा औषध म्हणून उपयोग होऊ शकेल. जंतू म्हणजे काय हे जगाला नीट कळण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. लॅटिनमध्ये सॉसेजला 'बोट्युलस' म्हणतात. विषाचं नाव तिथून आलं.

जंतू हाती लागला १८९५च्या डिसेंबरात. बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्ययात्रेला वाजवायला गेलेल्या वादकांनी नंतर हॅम खाल्लं. योगायोग असा की इथेही जेवायला बसलेले ३४ आणि दगावलेले तीन. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या उरलेल्या मांसातून जंतू वेगळा काढला.

केर्नरचं भाकीत खरं व्हायला मात्र दीडशेहून अधिक वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट तिरळेपणावर इलाज शोधत होते. डोळा एका बाजूला ओढणारा स्नायू शस्त्रक्रियेशिवाय थोडा सैल करता आला तर? माकडांवर प्रयोग करून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हे विष थेंबाथेंबाने माणसाच्या डोळ्याच्या स्नायूत सोडलं, आणि डोळा सरळ झाला. १९८९च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या आपोआप घट्ट मिटण्यासाठी मान्यता दिली.

दुसरी कलाटणी कॅनडातल्या व्हॅंकूव्हरची. नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स पापण्यांच्या त्याच आजारावर इंजेक्शनं देत होत्या. १९८७ साली एका रुग्ण बाईने तक्रार केली की या खेपेला तुम्ही भुवयांच्या मध्ये सुई टोचलीच नाही. तिथे तर आजार नाही, डॉक्टरांनी सांगितलं. बाईंना ते कबूल होतं, पण तिथे टोचलं की चेहऱ्यावरची काळजी पुसली जाते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. जीन यांचे पती ॲलस्टेर त्वचारोगतज्ज्ञ होते. त्या रात्री ही गोष्ट घरी निघाली, आणि लगेच दवाखान्यातल्या स्वागतिकेच्या भुवयांमध्ये पहिला प्रयोग झाला. आठ्यांसाठी अमेरिकेची अधिकृत मान्यता यायला २००२चा एप्रिल उजाडला. शोध दोन डॉक्टरांच्या नावावर आहे. आरशात पाहून तो आधी लागला होता त्या बाईला.

आता हे विष करतं काय? ते समजायला रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊ या. मासळीने भरलेल्या बोटी येतात, दोर टाकले जातात, बोट धक्क्याला घट्ट बांधली जाते, आणि मग माल उतरतो. मज्जातंतूच्या टोकाशी हुबेहूब हेच चालतं. तिथे इवल्या पिशव्या असतात, त्यांत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन भरलेलं. मेंदूकडून हुकूम आला की पिशवी कडेला लागते, रसायन बाहेर सांडतं, पलीकडच्या स्नायूला ते पोचतं आणि स्नायू आखडतो. पिशवी कडेला बांधणारे दोरही आहेत: तीन प्रथिनांचे, काही धागे पिशवीवरचे, काही काठावरचे. काथ्याला पीळ द्यावा तसे ते एकमेकांभोवती वळतात आणि वळता वळता पिशवी काठाशी ओढून घेतात. त्यांतल्या एकाचं नाव स्नॅप-२५. पेशींमधली ही मालवाहतूक उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१३ सालचं नोबेल मिळालं.

बोट्युलिनमचं विष हा दोर कापतं. स्नॅप-२५ ही २०६ मण्यांची माळ धरली, तर दवाखान्यात वापरलं जाणारं 'ए' जातीचं विष तिचे शेवटचे फक्त नऊ मणी तोडतं. तेवढं पुरतं. बोटी भरलेल्या, खलाशी तयार, हुकूम आलेला, पण बोट धक्क्याला बांधताच येत नाही. स्नायू मेलेला नसतो, मज्जातंतूही मेलेला नसतो. दोघांमधला निरोप तेवढा अडतो.

आणि हा चोर आत शिरतो कसा? माल उतरवून परत निघालेल्या बोटीत बसून! रसायन सांडल्यावर पिशवी क्षणभर बाहेरच्या बाजूला उघडी पडते. तेव्हा तिच्या आतल्या भिंतीवरचा एक आकडा बाहेर डोकावतो. विष त्याला चिकटतं आणि पिशवीबरोबर आत जातं. त्यामुळे जो मज्जातंतू जास्त राबतो, तो जास्त विष आत घेतो. पिशवी आत गेली की आंबट होऊ लागते, आणि त्या आंबटपणानेच विषाची घडी उलगडून कापणारं पातं पेशीत उतरतं. पल्पच्या डब्यात जे आम्ल जंतूला रुजू देत नाही, तेच मज्जातंतूच्या पिशवीत त्याच्या विषाला दार उघडून देतं.

यावरून एक गैरसमज दूर व्हावा. हे इंजेक्शन कातडीला इस्त्री करत नाही. ते कातडीत काम करतच नाही, तिच्या खालच्या स्नायूत करतं. हाता-पायांचे स्नायू हाडांना बांधलेले असतात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू थेट कातडीला जोडलेले. म्हणून ते आखडले की कातडीला घडी पडते, आणि ती नेहमी स्नायूला आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा, म्हणून कपाळावरच्या आठ्या आडव्या. भुवया एकमेकींकडे ओढणारा स्नायू आडवा, म्हणून नाकाच्या वरच्या रेघा उभ्या, ११ या आकड्यासारख्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल, म्हणून हसताना कडेला किरणं फुटतात. मराठीने या फरकाला दोन वेगळे शब्द ठेवलेत. 'आठी' आपण घालतो, 'सुरकुती' पडते. बोटॉक्सचं काम मुख्यतः घातलेल्या आठीवर चालतं. वर्षानुवर्षं एकाच जागी घडी पडून जी कायमची रेघ उमटते, ती त्याने थोडी मऊ होते, पण पुरती जात नाही.

पडलेल्या सुरकुतीचा मोठा धनी दुसराच आहे: ऊन. अमेरिकेतल्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २८ वर्षं तो ट्रक चालवत होता. खिडकीकडचा डावा गाल खोल सुरकुत्यांनी नांगरल्यासारखा, उजवा त्या मानाने कितीतरी तरुण. चेहरा एकाच माणसाचा, वयही एकच. फरक फक्त काचेतून येणाऱ्या अतिनील किरणांचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच काय तो बदल. आपल्या सावळ्या रंगातलं मेलॅनिन हा मारा बराच अडवतं आणि सुरकुत्या लांबवतं. पण कातळावरच्या भर दुपारी डोळे बारीक करून चालणाऱ्याला ऊन दोनदा गाठतं: किरणं कातडीचे धागे कमजोर करतात आणि आखडलेला स्नायू तिथेच घडी घालतो. डोक्यावर पदर, टोपी किंवा छत्री हा सुरकुतीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त इलाज आहे.

ज्या खळग्यांना स्नायू जबाबदार नाही, त्यांच्यासाठी दुसरं इंजेक्शन असतं: फिलर, म्हणजे भराव. त्यात बहुधा हायल्युरॉनिक आम्ल असतं. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळं काढलं. आपल्या कातडीत आणि सांध्यांतही ते असतंच. पाण्यात पडलेल्या सब्जासारखं ते पाणी धरून फुगतं आणि खळगा भरतं. पूर्वी ते कोंबड्यांच्या तुऱ्यांतून काढत, आता जंतूंकडून करवून घेतात. पण याची जोखीम निराळी. चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते. क्वचित, पण दृष्टीही जाऊ शकते. म्हणून ते विरघळवणारं औषध जवळ असल्याशिवाय शहाणा डॉक्टर फिलरची सुई उचलत नाही.

पुन्हा त्या कुपीकडे वळू. फ्रिजमधून काढली की ती रिकामीच वाटते. तळाला पांढुरका पापुद्रा दिसतो, तोही विषाचा नव्हे. मीठ आणि माणसाच्या रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा. विष इतकं थोडं की नुसतं ठेवलं तर काचेलाच चिकटून संपेल, म्हणून त्याला ही सोबत. शंभर युनिटच्या कुपीत विषाचं संयुग सुमारे पाच नॅनोग्रॅम. अल्ब्युमिनचं वजन त्याच्या एक लाख पट. हिशोब केला तर एका ग्रॅममध्ये वीस कोटी कुप्या भरतील. १९७९च्या नोव्हेंबरात एडवर्ड शांत्झ यांनी अमेरिकेत तयार केलेला एकच घाणा १९९७पर्यंत पुरला. तो पाव ग्रॅमसुद्धा नव्हता.

असं औषध ग्रॅमवर मोजता येत नाही, म्हणून युनिट. एक युनिट म्हणजे जेवढं टोचल्यावर प्रयोगातले निम्मे उंदीर मरतील तेवढं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी चार-चार, अशी वीस युनिटं देतात. माकडांवरच्या प्रयोगांवरून माणसाला मारक मात्रा काढली जाते ती अडीच ते तीन हजार युनिटांच्या घरात. म्हणजे कपाळावरची मात्रा तिच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. विष आणि औषध यांच्यात पदार्थाचा फरक नसतो, मापाचा असतो. म्हणूनच हेच द्रव्य लकव्यासारख्या आजारांत आखडलेला हात सैल करायला, अर्धशिशीचा जुनाट त्रास कमी करायला आणि बगलेतला अतोनात घाम थांबवायलाही वापरतात. घामाच्या ग्रंथींनाही निरोप त्याच रसायनातून जातो.

माप चुकलं की काय होतं, त्याचेही दाखले आहेत. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात औषधाऐवजी प्रयोगशाळेसाठीचं कच्चं विष वापरलं गेलं. टोचणाऱ्यासह चौघांना अंगभर लकवा होऊन श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं. २०२४मध्येही अमेरिकेत बनावट इंजेक्शनांनी काही जण रुग्णालयात पोचले. खरं औषध नीट दिलं तरी कधी पापणी काही आठवडे लोंबते, डोकं दुखतं. गर्भवतींना, अंगावर पाजणाऱ्या आयांना आणि स्नायू दुबळे करणारा मायस्थेनिया असलेल्यांना ते देत नाहीत.

शेवटचं आश्चर्य मला सर्वांत मोठं वाटतं. टोचल्यावर दोन-तीन दिवसांत परिणाम दिसू लागतो, पंधरवड्यात पूर्ण होतो, आणि तीन-चार महिन्यांनी आठी परत येते. बरेच जण त्याला औषधाची उणीव म्हणतात. उंदरांच्या स्नायूंवर शास्त्रज्ञांनी पाहिलं तेव्हा त्या परतीमागची धडपड दिसली. दोर कापलेला मज्जातंतू गप्प बसत नाही. त्याला शेजारून नवे कोंब फुटतात आणि ते स्नायूला जाऊन भिडतात. मोठा धक्का बंद पडला की कोळ्यांनी बाजूला लाकडी फळ्यांचा तात्पुरता धक्का उभा करावा, तसे. तोवर जुन्या टोकाची दुरुस्ती चालू असते. सुमारे तीन महिन्यांनी ते पुन्हा चालू झालं की तात्पुरते कोंब आपोआप मागे घेतले जातात. सॉसेज खाऊन आजारी पडलेली माणसं श्वास टिकवता आला तर बरी व्हायची, ती याच दुरुस्तीने. आरशात परत आलेली आठी म्हणजे जगातल्या सर्वांत जहाल विषावर शरीराने केलेली मात आहे.

इंजेक्शन घ्यावं की नाही, हा ज्याच्या-त्याच्या कपाळाचा प्रश्न. घ्यायचंच असेल तर एवढं लक्षात ठेवा: कायद्याच्या लेखी हे सौंदर्यप्रसाधन नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. डॉक्टरची पदवी विचारा, कुपी आपल्यासमोर फोडायला सांगा, तिच्यावरचं नाव आणि मुदत वाचा, किती युनिटं दिली ते लिहून घ्या. कॅनिंगचा डबा फुगलेला दिसला तर तो चाखून न पाहता फेकून द्यावा, आणि डॉक्टर नसलेल्याच्या हातातली सुई कपाळाला लागू देऊ नये. दोन्हीकडे जंतू एकच आहे.